चौदा नंबरचं कासव

गुरुवार, २

आज सकाळी कचेरीत येऊन पाहते तो माझ्या खुर्चीचा डावा हात नाहीसा झालेला. मोडलेला नाही, गळून पडलेला नाही; स्क्रू काढून, सभ्यपणे नेलेला. साम्राज्यं बुडाली, राजे पदच्युत झाले, पण कुणाच्या सिंहासनाचा फक्त डावा हात नेल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. तक्रार लिहिली. तीन परिच्छेद झाले. देखभाल खात्याचा माणूस आला, खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, उजवा आहे ना?"

एकवीस वर्षांच्या नोकरीचा इतका आटोपशीर सारांश आजवर कुणी सांगितला नव्हता.

उद्या 'लोखंडी कासव'चा सहावा भाग बावीस देशांत लागतोय. मी या कंपनीची परदेशबाई. परदेशी जात नाही. परदेशातून आलेले आकडे तक्त्यात भरते, आपल्या चलनात आणते, बेरीज करते आणि तिसऱ्या सोमवारी एक शब्द लिहून देते, यश किंवा अपयश. देशांना आमच्याकडे नावं नाहीत, नंबर आहेत. नावांमुळे माया जडते, असं थोरले साहेब म्हणायचे. थोरले साहेब गेले, नंबर राहिले.

कासव मी स्वतः कधी पाहिलेलं नाही. सहा भागांतला एकही नाही. परीक्षकाने उमेदवाराच्या घरी जेवायला जाऊ नये.

शुक्रवार, ३

हे पहिल्या खेळाला जाऊन आले. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. मोटारीएवढ्या पायांचं लोखंडी कासव शहर वाचवायला तासाला दोन मैलांच्या वेगाने निघतं, हे पाहून डोळे पुसत घरी येतो. दर भागाला हेच. पहिला दिवस, पहिला खेळ, आणि स्वतःच्या पैशांचं तिकीट.

"अहो, मला फुकट पास मिळतात. तिकीट कशाला काढता?"

"पास तुझ्या तक्त्यात मोजतात का?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

घरचं तिकीटही परदेशाच्या तक्त्यात येत नाही, हे जिभेवर आलं होतं. सोडून दिलं. या वयात माणसाला कासवाचं वेड लागावं, याचंच मला नवल वाटतं.

सोमवार, ६

पहिल्या तीन दिवसांचे आकडे आले. बरे आहेत. 'बरे' हा आमच्या धंद्यातला भयंकर शब्द. डॉक्टर 'बघू' म्हणतात तसा.

धाकट्या साहेबांनी वर बोलावलं. थोरल्यांचे चिरंजीव. टेबलावर कागद नाही, पेन नाही, फक्त एक कुंडी. हिशेब पुन्हा समजावून घेतला. परदेशासाठी या भागावर चाळीस कोटी खर्च झालेत. तिकिटाच्या पैशातले निम्मे थिएटरवाले ठेवतात, उरलेल्यातून जाहिरात, वाहतूक, कर. म्हणून गल्ला खर्चाच्या अडीचपट झाला तर यश. म्हणजे शंभर कोटी. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळं नशीब आणि हवामान.

"आणि शंभर नाही झाले तर," ते म्हणाले, "एक तारखेपासून डबिंगची खोली बंद. आवाज यंत्र देईल."

डबिंगच्या खोलीत ताईंसकट अकरा माणसं आहेत. मी काही बोलायच्या आत त्यांनी यंत्र चालू केलं. यंत्राने रडून दाखवलं, मग हसून दाखवलं. दात घासताना कुणी विनोद सांगावा, तसं ते हसलं.

"भावना आहेत की नाही?"

"आहेत. कुणाच्या ते कळत नाही."

त्यांना ते आवडलं नसावं. पण निघताना म्हणाले, "तुमची कामाची पद्धत एकदा सविस्तर लिहून ठेवा. कुणालाही समजेल अशी. कंपनीचा ठेवा आहे तो." एकवीस वर्षांत माझ्या पद्धतीला पहिल्यांदा कुणी पद्धत म्हटलं. दुपारीच नवी फाइल उघडली.

बुधवार, ८

डबा ताईंबरोबर खाल्ला, तळघरात. ताई माझ्याहून पाचच वर्षांनी मोठ्या, पण सगळ्या इमारतीच्या ताई. डबिंगच्या प्रमुख. लहानपणी त्यांचे वडील चौदा नंबरच्या देशातल्या बंदरात कारकून होते, म्हणून तिथली भाषा त्यांना घरच्यासारखी येते. तिथल्या कासवाला आवाज त्यांचाच. पाच फूट उंचीची, दम्याची बाई चाळीस फुटी कासवाच्या पोटातून बोलते.

"काय आकडेबाई, चौदात काय म्हणतंय आपलं कासव?"

"बाविसावं आहे, ताई. बाविसात."

"अगं, असं कसं? पत्रं येतात गं मला. मुलं चित्रं काढून पाठवतात." कपाटातून खोका काढला. खरंच होती. हिरवी कासवं, निळी कासवं, एकाला चक्क टाय.

"पत्राला लागतं ते तिकीट वेगळं, ताई. आमच्याकडे दुसरं मोजतात."

हसल्या. खोका परत ठेवला. त्यांना एक तारखेचं माहीत आहे, सगळ्यांनाच आहे. "बाकीचे दहा जण कुठे जातील, ते सांग," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, अजून दोन आठवडे आहेत. हे मी धीर द्यायला म्हटलं की टाळायला, मला सांगता येणार नाही.

त्या खोलीला खिडकी नाही. पूर्वी त्या दुसऱ्या मजल्यावर होत्या, गुलमोहराच्या बाजूला. दुसरा भाग चौदात साफ पडल्याचा माझा अहवाल गेला, त्यानंतर त्यांना खाली हलवलं. जागेची अडचण होती त्या वर्षी.

सोमवार, १३

दुसऱ्या आठवड्यात गल्ला एकसष्ट टक्क्यांनी उतरला. पाच नंबरात फुटबॉलचा अंतिम सामना. नऊ नंबरात सेन्सॉरने कासवाचं चुंबन कापलं. कासवच ते, चुंबन अकरा मिनिटांचं होतं, त्यामुळे गोष्टीतला लग्नाचा निर्णय कुणालाच कळला नाही. सतरा नंबरात उंदरांचं एक कार्टून लागलंय आणि पोरं तिकडे. सगळं ताणून धरलं तरी शेवटाला एक्क्याण्णव कोटी होतील. नऊ कमी.

चौदाचा कागद नेहमीप्रमाणे आला. इतर देश आम्हाला गल्ल्यातला वाटा देतात; चौदात मात्र कासव दुसऱ्या भागापासून जातं, तेही एकरकमी विकलेलं. तिथला वितरक आधी ठरलेली रक्कम देतो, मग गल्ला त्याचा आणि नशीब त्याचं. आठवड्याचा आकडा तो केवळ शिष्टाचार म्हणून पाठवतो. पहिल्यांदा त्याने वीस लाख दिले, मग अठरा, आता पंधरा. दर वेळी माझाच आकडा दाखवून घासाघीस करतो, आणि आम्ही ऐकतो. आकडाच तसा केविलवाणा. आठ लाख चाळीस हजार, त्यांच्या चलनात. त्यांचे पाच म्हणजे आपला एक. एक लाख अडुसष्ट हजार झाले. आमच्या कोपऱ्यावरचं थिएटर याहून जास्त कमावतं.

तरी दर कागदाखाली दोन ओळी असतात: "आपल्या कासवाचे मनःपूर्वक आभार. पुढचा भाग लवकर काढा." इतका तोटा सोसून पाच-पाचदा परत येणारा माणूस मी पाहिलेला नाही. कलेवरचं प्रेम म्हणतात ते हेच असावं.

पद्धतीची फाइल छत्तीस पानं झाली.

गुरुवार, १६

तक्ता घरी आणला होता. जेवणाच्या टेबलावर पसरला. हे शेंगा सोलत समोर बसले होते आणि वाकून बघत होते. मला खपत नाही ते.

"हे आठ लाख चाळीस हजार काय?"

"गल्ला. चौदा नंबर."

"पण काय? कशाचे? इथे एकक नाही लिहिलेलं."

"अहो, पैसे."

"मूळ कागदावर लिहिलंय का पैसे?"

"त्यांच्या लिपीत काहीतरी लिहिलंय. मला वाचता येत नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"एकवीस देश पैसे पाठवतात. बाविसावा काय फुलं पाठवणार?"

"एककाशिवाय उत्तर लिहिलं की मी शून्य द्यायचो," हे म्हणाले. "आणि तुझ्या त्या जाऊबाईंची पोर रडायची."

"मी तुमच्या वर्गात नाही."

"नाहीच," म्हणाले आणि शेंगांची टरफलं गोळा करायला लागले.

राग आला. दोन तास कपड्यांच्या घड्या करत होते. एकाच चादरीची घडी तीनदा घातली.

शुक्रवार, १७

चौदाचा कागद घेऊन तळघरात गेले. ताई कानांवरचे हेडफोन काढून बाहेर आल्या. मी कागद पुढे केला, बोट ठेवलं. रकान्याच्या डोक्यावर तीन अक्षरं आहेत, नऊ वर्षं मी त्यांच्याकडे नक्षी म्हणून बघत आलेय.

"ताई, हे काय लिहिलंय?"

चष्माही लावावा लागला नाही. "माणसं."

"म्हणजे?"

"अगं, माणसं. प्रेक्षक. आत गेलेली डोकी. त्यांच्याकडे तसंच मोजतात, पैसे नाही लिहीत. माझे बाबा बंदरावरच्या थिएटरबाहेर पाटी वाचून दाखवायचे मला, आज इतकी माणसं, काल इतकी." मग कागदावरचा आकडा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "हे सहाव्या भागाचं?"

"दोन आठवड्यांचं."

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. आत कुणीतरी लढाईच्या आरोळ्या देऊन बघत होतं.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "मला विचारायचंस की गं."

कुणी ओरडलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

शनिवार, १८

सकाळपासून सगळे भाग काढून बसलेय. तिथलं तिकीट साधारण चारशेचं. आठ लाख चाळीस हजार गुणिले चारशे, भागिले पाच. सहा कोटी बाहत्तर लाख. मी लिहिले होते एक लाख अडुसष्ट हजार. सहाव्या भागाला चौदा नंबर पाचवा आहे. पाचव्या भागाला सहावा होता, दुसऱ्याला आठवा. शेवटचा कधीच नव्हता. आणि तो कलाप्रेमी वितरक आम्हाला पंधरा-वीस लाख देऊन नऊ वर्षं घरी जाऊन हसत असणार.

बरं, एवढं करून शंभर होतात का, तर नाही. एक्क्याण्णवात हे घातले, सोमवारी आणखी थोडे येतील, ते घातले, तरी अठ्ठ्याण्णव. माझी चूक कबूल करूनही कासव नापास. म्हणजे गप्प बसले तर ताईंची खोली जाते, आणि बोलले तर तीही जाते, बरोबर मीही. निवृत्तीला चार वर्षं आहेत. घराचं छप्पर यंदा करायचंय.

अहवालाचा मसुदा केला. "चौदाव्या क्षेत्राच्या आकडेवारीत काही तांत्रिक सुधारणा झाल्या आहेत." छान वाक्य आहे. त्यात कुठेही माणूस नाही. पूर आला, वीज पडली, सुधारणा झाली.

फाडला. दुसरा केला, तोही तसाच निघाला. वीस वर्षांत हाताला दुसरं वळणच लागलेलं नाही.

हे आत आले. चहा ठेवून गेले. नंतर दाराशी येऊन म्हणाले, "उद्या दुपारची दोन तिकिटं काढलीत."

रविवार, १९

पाहिलं. थिएटरात आम्ही धरून चौदा माणसं. पहिला अर्धा तास झोपले. उठले तेव्हा कासव पुलाखाली उभं होतं, पूल पाठीवर घेऊन, आणि वरून एकेक गाडी जात होती. सगळ्या गाड्या जाईपर्यंत ते हलत नाही. कॅमेराही हलत नाही. वैताग येतो, आणि मग येत नाही.

कासव बरं आहे.

सोमवार, २०

शेवटचा आकडा नऊ लाख बारा हजार. माणसं.

अहवालाच्या पहिल्या पानावर पहिलं वाक्य लिहिलं: "चौदा नंबरच्या देशाचे आकडे मी नऊ वर्षं चुकीचे वाचले, ते पैसे नव्हते, प्रेक्षक होते." खाली सही. मग चौदात लागलेल्या पाचही भागांचा दुरुस्त तक्ता. शेवटी, निकाल: अठ्ठ्याण्णव कोटी, अपयश, थोडक्यात. त्याखाली एक ओळ जास्तीची, जी माझ्या कामात बसत नाही: चौदात जे चाललंय ते डब केलेल्या आवाजावर चाललंय, खोली बंद करू नये.

धाकट्या साहेबांनी उभ्याने वाचलं.

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

"अजून कुणाला माहीत आहे?"

"ताईंना. आणि माझ्या घरी."

"मग असं का नाही म्हणायचं, की ही चूक आपल्या नव्या सॉफ्टवेअरने शोधली?"

"कारण ती आमच्या ह्यांनी शोधली. शेंगा सोलताना."

ते बसले. कुंडीतल्या झाडाचं एक पान तोडलं. "शंभर करून टाका. दोन कोटींनी काय होतंय?"

"अठ्ठ्याण्णव आहेत."

"पोस्टरवर शंभर छापणार मी."

"छापा. पोस्टर माझ्याकडे नाही."

मग त्यांनी माझ्यासमोरच चौदाच्या वितरकाला फोन लावला. बराच वेळ त्या बाजूने हसण्याचा आवाज येत होता. अगदी मनापासून, सापडलेल्या माणसाचं हसणं. पुढच्या भागाला तो वाटा द्यायला तयार झाला. लगेच. घासाघीस न करता. एकच अट घातली, कासवाचा आवाज तोच पाहिजे. दुसरा आवाज लावलात तर पोरं खुर्च्या फाडतील, म्हणाला.

धाकट्या साहेबांनी फोन ठेवला. यंत्राकडे बघितलं. "ठीक आहे. खोली राहू दे. एक वर्ष."

बाहेर पडून जिन्यात उभी राहिले. आनंद झाला असावा; त्याची सवय नसल्याने खात्री देता येत नाही.

बुधवार, २२

पत्र मिळालं. एक तारखेपासून परदेशाचा तक्ता सॉफ्टवेअर भरेल, "आपण तयार केलेल्या सविस्तर पद्धतीच्या आधारे". मला तीन महिन्यांचा पगार आणि आभार.

बेचाळीस पानं लिहिली मी. अनुक्रमणिकेसकट. पान अकरावर तर विशेष सूचनाही आहे, कुठे काय चुकू शकतं याची.

पत्रावर तारीख बघितली. तीन. म्हणजे कासव लागलं त्या दिवशीच टाइप करून ठेवलेलं. मी चूक कबूल करायच्या सतरा दिवस आधी. प्रामाणिकपणाची शिक्षा झाली म्हणावं, तर तेवढीही ऐट माझ्या वाट्याला आली नाही.

ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं. "छप्पर पुढच्या वर्षी करू," म्हणाले. थोड्या वेळाने, "सातवा भाग दुपारच्या खेळाला बघता येईल आता. दोघांना." मला हसू आलं की काय झालं, पण डोळे पुसावे लागले. ह्यांनी आपला चष्मा पुसायचा रुमाल दिला.

शुक्रवार, २४

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहायची नाही. दुसरा भाग लागला तेव्हा ताईंची आणि माझी पैज लागली होती. ताई म्हणाल्या होत्या, चौदा पहिल्या दहात येईल. मी म्हटलं होतं, शेवटून पहिला. हरणारीने जिंकणारीला महिनाभर चहा आणून द्यायचा. निकाल मीच दिला. महिनाभर, कामाचे बावीस दिवस, ताई तळघरातून चौथ्या मजल्यावरच्या उपाहारगृहात जायच्या, तिथून माझ्या टेबलाशी यायच्या आणि कप ठेवून खाली जायच्या. दम्याची बाई. मी म्हणायची, "साखर कमी आहे ताई."

चौदा आठवा आला होता.

त्यांचे बावीस परत, आणि मी हरले ते बावीस. चव्वेचाळीस. खोलीत माणसं अकरा, म्हणजे चार दिवस.

सकाळी साडेदहाला ट्रे घेऊन खाली गेले. दारावर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला होता, तो विझेपर्यंत थांबले. अकरा कप आत ठेवले.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"चहा."

"वाढदिवस आहे का कुणाचा?"

"असेल कुणाचा तरी." वर आले.

सोमवार, २७

अकरा. लिफ्ट बंद होती.

मंगळवार, २८

अकरा. एक सांडला, परत जाऊन आणला. लढाईच्या आरोळ्या देणारा म्हणाला, "मॅडम, कंपनीने हे नवीन सुरू केलंय का? चांगलंय." मी म्हटलं, हो, पण फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

बुधवार, २९

अकरा. सगळ्यांचे घेऊन झाले. ताईंनी आपला कप सावकाश संपवला, ट्रेमध्ये पालथा ठेवला.

"साखर बरोबर होती," म्हणाल्या. मग कानांवर हेडफोन चढवता चढवता, माझ्याकडे न बघता, "चव्वेचाळीस झाले गं. उद्या नको आणूस."

लाल दिवा लागला. मी ट्रे उचलला, आवाज होऊ नये म्हणून कप एका हाताने धरले, आणि दार ओढून घेतलं.